कार्ट्रिजच्या खोक्यावर दरवेळी झुहाईच का?

तुम्ही विचारलंत की कंपॅटिबल (म्हणजे मूळ प्रिंटर कंपनीऐवजी दुसऱ्याने बनवलेल्या) टोनर कार्ट्रिजच्या खोक्यावर नेहमी चीनमधल्या झुहाईचंच नाव का, आणि मजुरी स्वस्त म्हणूनच सगळे तिथे गेले का. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मी वीस वर्षं रिफिलिंग केलं. माझ्या मते मजुरी हे अर्धंच कारण.

कार्ट्रिज बनवणारी प्रिंट-राइट मूळची हाँगकाँगची, १९८१ सालची. सुरुवात टाइपरायटरच्या रिबनपासून. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांकडे, जागा महाग. पर्ल नदीच्या मुखापलीकडे झुहाई, १९८० पासून विशेष आर्थिक क्षेत्र. कारखाना तिकडे गेला, मागोमाग बाकीचे. २००० साली नाइनस्टार ही याच धंद्यातली कंपनी तर तिथेच उभी राहिली.

मी पहिल्यांदा झुहाईला कार्ट्रिजच्या प्रदर्शनाला गेलो तेव्हा समुद्रावरचा पूल व्हायचा होता. हाँगकाँगहून तासाभराची फेरीबोट. आत शिरलो आणि खरं कारण समोर दिसलं. एका गाळ्यात ड्रम, शेजारी वायपर ब्लेड, पुढे मॅग्नेटिक रोलर, पीसीआर (ड्रमला विद्युतभार देणारा रोलर), पावडर, चिप, अगदी खोकी छापणारासुद्धा. एचपीच्या १२ए कार्ट्रिजचा एकूण एक भाग मी एका दुपारी पाहिला. मुंबईत त्यासाठी चार व्यापाऱ्यांचे उंबरठे झिजवायचो, आणि एकाची पावडर तर पावसाळ्यात गोळा व्हायची.

१२एला प्रिंटरला ओळख पटवणारी चिपच नव्हती, म्हणून आम्हा सगळ्यांचा हात त्याच्यावरच बसला. प्रिंटर एचपी १०२० असो की कॅनन २९००, कार्ट्रिजचा सांगाडा जवळपास तोच.

अमेरिकेतल्या सॅनफर्डची स्टॅटिक कंट्रोल कंपनी कार्ट्रिजचे सुटे भाग पुरवायची. चिपवरून लेक्समार्क या प्रिंटर कंपनीशी तिचा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला, २०१४ साली तिच्या बाजूने निकाल लागला. पुढच्याच वर्षी नाइनस्टारने तिला विकत घेतलं, आणि २०१६ मध्ये त्याच समूहाच्या पुढाकाराने लेक्समार्कही घेतली गेली. एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहिलेले दोघेही तेव्हा (लेक्समार्क २०२५ पर्यंत) झुहाईच्या एकाच छपराखाली आले! हे वाचलं त्या दिवशी मला दुकानात काम सुचेना.

मला खरं दुःख रिकाम्या कार्ट्रिजचं आहे. पूर्वी ऑफिसांतून आम्ही ती पैसे मोजून उचलायचो, ड्रम-ब्लेड बदलून पुन्हा वापरात आणायचो. नवं कंपॅटिबल स्वस्त झालं तशी रिकामी कुणी विचारेना, थेट भंगारात जाऊ लागली. मूळ कंपनीचा सांगाडा आजही माझ्याकडे आला तर मी तो भंगारात देत नाही.