जेवणाच्या डब्याचा आवाज

"मित्राबरोबर काम सुरू केलं आणि मित्रच हरवला. आता काम सोडू की मैत्री?"

दोन-तीन महिन्यांत एकदा तरी हा प्रश्न कुणीतरी घेऊन येतं. कुणाचं भागीदारीतलं दुकान असतं, कुणाची नाटकाची संस्था, कुणी दोघं मिळून सॉफ्टवेअर लिहीत असतात. हा प्रश्न कानावर आला की मला दोन वादक आठवतात. दोघांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल ते सगळं बदलून त्यांची हकिकत सांगते.

मी शिकागोत समुपदेशन करते. इंडस्ट्रियल रॉक या संगीताचं अमेरिकेतलं माहेर हेच शहर. गिटार आणि ड्रम मशीनच्या जोडीला यंत्रांचे, पत्र्यांचे, घणाचे आवाज आणि त्यावर आरोळीसारखं गाणं. हे नाव इंग्लंडमधून आलं. थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने १९७६ साली इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, त्यावरून ते पडलं. पण इथे त्याला घर मिळालं ते लिंकन ॲव्हेन्यूवरच्या वॅक्स ट्रॅक्स या रेकॉर्डच्या दुकानात. याच दुकानवाल्यांनी पुढे रेकॉर्ड काढायला सुरुवात केली आणि मिनिस्ट्री, केएमएफडीएम असे गट त्यांच्याकडे आले. व्यवहार बहुतेक शब्दावर, हातात हात देऊन. १९९२ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली. हे सगळं मला माझ्याकडे येणाऱ्यांनीच शिकवलं. 'शब्दावर' हा शब्द पुढे फार उपयोगी पडणार होता, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिला आला तो गायक. आईवडील मराठी, हा इथेच जन्मलेला, चाळिशीच्या अलीकडे. पहिल्या भेटीत सवयीने "काकू" म्हणाला, मग ओशाळून माझं नाव घेऊ लागला. शब्द त्याचे, चाल त्याची. त्याचा मित्र गॅरीचा. पोलादाच्या कारखान्यासाठी १९०६ साली वसवलेलं इंडियानातलं हे गाव. मित्राचे वडील तिथे भट्टीवर होते. हा मित्र सिंथ (सिंथेसायझर) आणि सॅम्पल सांभाळायचा. सॅम्पल म्हणजे गावभर माइक घेऊन हिंडायचं, मालगाडीचे, पुलाचे, शटरचे आवाज टिपायचे, ते कापून, ताणून, एकावर एक चढवून गाण्याचा पाया रचायचा. अकरा वर्षं एकत्र, कॉलेजपासूनची दोस्ती. आणि आता सहा महिने फक्त कामापुरते मेसेज.

"तो बदललाय," गायक म्हणाला. मित्राला बोलावल्यावर तोही अगदी हेच म्हणाला.

पहिल्या तीन बैठका मी वाया घालवल्या, हे कबूल करायला हवं. मी दोघांना 'मला काय वाटतं' या सुरात बोलायला लावलं. दोघंही सुसंस्कृत. एकमेकांचं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पार्किंगमधून वेगवेगळ्या दिशांना निघून जायचे. मनं मोकळी झाली की गाठ आपोआप सुटेल अशी माझी समजूत होती. खरी गाठ एका फॉर्ममध्ये होती.

त्यांचं एक गाणं टीव्ही मालिकेत घेतलं गेलं होतं. नोंदणीच्या फॉर्मवर 'गीतलेखक' हा रकाना होता. गायकाने तिथे आपलं नाव टाकलं. त्यात लबाडी नव्हती. शब्द त्याचे, चाल त्याची, मग लेखक दुसरा कोण? मित्राला ते महिन्यांनंतर कळलं. पैसे फार नव्हतेच. तो काही बोलला नाही, पण तालमीला उशिरा येऊ लागला.

आपल्याकडे रेडिओवर गाण्याआधी गीतकार, संगीतकार, गायक अशी नावं सांगतात. सतारीचा तो तुकडा कुठे यावा, व्हायोलिन कधी थांबावीत हे ज्याने ठरवलं, त्या संयोजकाचं नाव बहुधा येत नाही. या संगीतात तर ते दुखणं दसपट आहे. इथे आवाज हेच गाणं असतं, आणि आवाज घडवणाऱ्याला फॉर्मवर रकाना नाही.

चौथ्या बैठकीला मी म्हटलं, तेच गाणं घेऊन या. मला ते ऐकवा आणि प्रत्येक आवाज कुणी, कुठून आणला ते सांगा. चार मिनिटांच्या गाण्याला दीड तास लागला. हा ठोका ट्रेनच्या रुळांचा, ही घरघर जुन्या फ्रिजची, ही ओळ दोघांनी गाडीत बसून केलेली. गायक बऱ्याच ठिकाणी म्हणाला, "हे मला माहीतच नव्हतं." मग मित्राने गाणं मधेच थांबवलं.

"इथे एक आवाज होता."

"हो, तो मी काढला. मिक्स गढूळ होत होतं."

"तो बाबांचा डबा होता. कारखान्यात न्यायचे तो. झाकण आपटल्याचा आवाज."

वडील त्याच वर्षी गेले होते. गायक अंत्यविधीला गेला होता, खांदाही दिला होता. पण मित्राने डब्याचं कधी सांगितलं नव्हतं. सांगावं लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या दोस्तीत न सांगता कळायला हवं, ही त्याची अपेक्षा. आणि काही असतं तर तो बोललाच असता, हा गायकाचा भरवसा. दोन्ही प्रेमापोटीच. मी काही बोलले नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

त्यानंतर दोघं खरं भांडले, आणि मला बरं वाटलं. गायक म्हणाला, 'नाइन इंच नेल्स' हा याच संगीतातला नावाजलेला गट, पण कितीतरी वर्षं तो म्हणजे एकटा ट्रेंट रेझ्नरच होता, कुणी हरकत घेतली का? मित्र म्हणाला, आणि २०१६ साली त्याने ॲटिकस रॉसला अधिकृत सदस्य केलं. चित्रपटाच्या संगीताचं ऑस्कर तर २०११ सालीच दोघांच्या नावावर होतं. मग तो स्किनी पपी या तिघांच्या गटाबद्दल बोलला. १९९५ सालच्या उन्हाळ्यात गायक ओगर गट सोडून गेला, त्याच उन्हाळ्यात त्यांच्यातला ड्वेन गोएटेल हेरॉइनने गेला. उरलेले दोघं २००० साली जर्मनीत ड्रेस्डेनला पुन्हा एका रंगमंचावर आले, पण तिसरा आता नव्हता. हे सांगताना त्याचा आवाज बसला.

मी वकील नाही, म्हणून त्यांना वकिलाकडे पाठवलं. तिथे कळलं की अमेरिकेत गाण्याची रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत, आणि लेखी काही ठरलं नसेल तर संयुक्त रचनेत सहलेखकांचा वाटा सहसा सारखा धरतात. तिथून ते एक साधा कागद घेऊन आले: गाण्याचं नाव, कुणाचा किती वाटा, सह्या. तो आता दर गाण्याला, मिक्स करायच्या आधी भरायचा. मैत्रीत कागद कशाला, असं गायकाला आधी वाटत होतं. पहिला कागद भरताना मित्र स्वतःहून म्हणाला, "यात माझे तीस टक्केच. हे तुझं गाणं आहे." गायक बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला.

सगळं निवळलं असं नाही. गायकाची बायको त्या सहा महिन्यांबद्दल अजून मित्राशी नीट बोलत नाही. दौरे त्यांनी बंद केले आहेत, गायकाची मुलगी लहान आहे. गुरुवारी नऊपर्यंत काम, त्यानंतर जेवण, आणि जेवताना गाण्याचा विषय काढायचा नाही हा नियम त्यांनी आपणहून केला.

तो डबा जुन्या गाण्यात परत घातला नाही. दोघं गॅरीला गेले, घरातल्या ओट्यावर डबा ठेवून पुन्हा आवाज घेतला, माइक या वेळी गायकाने धरला. गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला नवी सीडी पाठवली. आतल्या पानावर कोण काय वाजवतं त्याची यादी आहे. गिटार, सिंथ, ड्रम मशीन. त्याखाली 'जेवणाचा डबा' लिहिलंय आणि समोर मित्राच्या वडिलांचं नाव.