पाचवीच्या वर्गाविषयी तुम्ही विचारलेत म्हणून

नमस्कार.

नोकरीचे पत्र हाती आले आहे, जूनमध्ये पुण्याहून न्यू जर्सीत यायचे आहे, मुलगी पाचवीत जाईल, तेव्हा कोणत्या गावची शाळा बरी आणि तिला रुळायला किती दिवस लागतील, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, घरभाडे आणि शाळांची क्रमवारी यांविषयी मी लिहीत नाही. ती माहिती तुम्ही माझ्याआधी शोधलेली असेल. एकटेपणाबद्दलही विचारलेत. तो येतो, पहिल्या हिवाळ्यात अधिक येतो, आणि एडिसनला, म्हणजे इथल्या भारतीय दुकानांच्या गावी, मेथीची ताजी जुडी मिळाली म्हणून जात नाही. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही. तुमच्या प्रश्नातल्या ‘पाचवी’ या शब्दापाशी मात्र मी अडखळले, कारण आमच्या मुलीच्या पाचवीच्या वर्गात गुलामगिरीचा इतिहास मुलांकडून ‘करून’ घेतला गेला.

आधी कागदपत्रांचे सांगते, कारण पुढच्या गोष्टीत त्यांचा हात आहे. इथे तारीख लिहिताना महिना आधी येतो. आमच्या लसीकरण पुस्तिकेतला ५ सप्टेंबर शाळेच्या नर्सबाईंनी ९ मे असा वाचला, त्यामुळे गोवर-गालगुंड-रुबेलाची मात्रा पहिल्या वाढदिवसाआधीची ठरून बाद झाली आणि मुलीला पुन्हा सुई टोचावी लागली. घरात कोणती भाषा बोलता, या रकान्यात मी अभिमानाने ‘मराठी’ लिहिले, तर बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला इंग्रजीच्या चाचणीला बसवले. मग पत्त्याचा पुरावा: वीजबिल, भाडेकरार, पुन्हा वीजबिल. अशा रीतीने शाळेकडून येणारे प्रत्येक पत्र म्हणजे आणखी एक कागद मागणारे पत्र, असे माझ्या मनाने घेतले आणि मी पत्रे वाचायचे सोडून दिले.

आता त्या वर्गाकडे येते. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुलामगिरी नव्हतीच, अशी माझी समजूत होती. न्यू जर्सीने १८०४ साली कायदा केला, पण त्याने कोणीही लगेच मुक्त झाले नाही. त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर जन्मलेल्या मुलांनी आईच्या मालकाकडे राबायचे, मुलीने एकवीस वर्षे आणि मुलाने पंचवीस, आणि मग सुटायचे. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला या राज्याने १८६५ च्या आरंभी नकार दिला आणि संमती दिली ती १८६६ च्या जानेवारीत, ती देशभर लागू झाल्यानंतर. हा इतिहास शाळेत शिकवला जावा म्हणून २००२ पासून इथे स्वतंत्र कायदा आहे आणि तो असावाच. माझे भांडण विषयाशी नाही, तो वर्गात ‘करून दाखवण्याशी’ आहे.

आणि ही काही आमच्याच शाळेची तऱ्हा नव्हे. २०१७ साली याच राज्यात साउथ ऑरेंजच्या एका शाळेत पाचवीच्या मुलांनी वसाहतकाळाच्या प्रकल्पासाठी गुलामांच्या लिलावाची भित्तिपत्रके रंगवली आणि ती वऱ्हांड्यात लावली गेली. शेजारच्या मेपलवुडमधल्या शाळेत बदली शिक्षकाच्या तासाला मुलांनी खोटा लिलावच केला. २०१९ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्राँक्सव्हिलमध्ये एका खाजगी शाळेतल्या शिक्षिकेने पाचवीच्या कृष्णवर्णीय मुलांना दाराबाहेर उभे करून, हातापायांत बेड्या आहेत अशी कल्पना करायला लावून आत चालत आणले आणि गोऱ्या वर्गमित्रांसमोर लिलावाला उभे केले. न्यूयॉर्क राज्याच्या महान्यायवादी लेटिशिया जेम्स यांनी त्याची चौकशी केली आणि शाळेला सुधारणांचा करार करावा लागला.

आमच्या मुलीच्या वर्गात लिलाव झाला नाही, जहाज झाले. बाईंनी दिवे मालवले, जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने जहाजाचा आकार आखला आणि अर्ध्या मुलांना त्यात खांद्याला खांदा लावून दहा मिनिटे निजवले. आफ्रिकेतून सव्वा कोटीच्या आसपास माणसे अशी जहाजांत कोंबली गेली आणि त्यांतली सुमारे अठरा लाख समुद्रातच मेली, हे दहा मिनिटे सतरंजीवर पडून कसे कळावे? माझ्या मुलीचे अक्षर चांगले, म्हणून तिला कप्तानाचा कारकून केले. तिने माणसांची मोजदाद लिहिली, बेरीज चुकली नाही, म्हणून पानावर चांदणी मिळाली, आणि ते पान तिने मला हौसेने दाखवले. यादीतले तिसरे नाव आमच्याच इमारतीतल्या तिच्या कृष्णवर्णीय मैत्रिणीचे होते.

त्या रात्री मैत्रिणीच्या आईने दार वाजवले. शाळेने तुम्हाला कळवले होते का, एवढेच तिने विचारले. मी ‘नाही’ म्हणाले. वास्तविक आठवड्याच्या पत्रकात ‘अनुभवातून इतिहास’ असा एका ओळीचा उल्लेख होता, जो मी नंतर शोधून वाचला, आणि ते तिला कधीच सांगितले नाही. इथे सहलीला संमतिपत्र लागते, मुलाचे छायाचित्र छापायला लागते, काही खाजगी विषयांवरच्या प्रश्नावलीसाठी तर १९७८ पासून देशाचा कायदा आहे. मुलाला गुलाम किंवा गुलामांचा हिशेबनीस करण्यासाठी मात्र आमच्याकडे कोणी सही मागितली नाही.

पालकांची सभा झाली तेव्हा मी मागच्या रांगेत गप्प बसले. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची मुदतवाढ अडकली आहे, उगाच नावावर काही यायला नको, असे मी स्वतःला बजावले होते. त्या अर्जाचा आणि शाळेचा काडीचा संबंध नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. आपल्या मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, हा त्यांचा मामला, आपण मध्ये पडू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ याच देशातल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे मी परीक्षेसाठी पाठ केलेले वाक्य मला त्या सभेत आठवत होते आणि तरी हात वर झाला नाही. आणखी एक विचार तेव्हापासून पिच्छा सोडत नाही: माझ्या साताऱ्याच्या शाळेत बाईंनी १९२७ चे महाडचे तळे वर्गात उभे केले असते, तर कोणाला पाण्यापासून अडवायचे आणि कोणी अडवायचे, हे आडनावांवरून क्षणात ठरले असते. मी कोणत्या बाजूला उभी राहिले असते, ते मला सांगावे लागत नाही.

म्हणून गावापेक्षा प्रश्न सुचवते. सप्टेंबरमध्ये पालकांच्या संध्याकाळी शिक्षिकेला विचारा की या वर्षी मुले कोणत्या ऐतिहासिक भूमिका करणार आहेत, त्या कोण वाटणार आहे आणि नको म्हणणाऱ्या मुलाला दुसरे काय काम मिळेल. उत्तर ई-मेलने मागा. ‘सिम्युलेशन’, म्हणजे प्रसंग वर्गात वठवणे, हा शब्द दिसला तर पत्रक शेवटपर्यंत वाचा. लसीकरणाच्या तारखांत महिना अक्षरांत लिहून, डॉक्टरांच्या शिक्क्यासह घेऊन या.

ती मैत्रीण पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी गेली. तिच्या आईचा नंबर माझ्याकडे आहे. चांदणीचे ते पान माझ्याकडच्या शाळेच्या कागदांच्या फायलीत आहे. अधूनमधून पत्त्याच्या पुराव्यासाठी मी ती फाईल उघडते, पान हाताला लागते आणि मी ते पुन्हा भाडेकरारामागे ठेवून देते.