तिसऱ्या पानावरचं ते वाक्य

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

चिनी मुलं व्याकरण कसं शिकतात यावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा पिता पिता, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वेळी तिसऱ्या पानावर अडकले. तिथे तू लिहिलं आहेस, ‘मँडरिनमध्ये काळ, वचन, लिंग यांचे प्रत्यय नाहीत, त्यामुळे बालवाडीच्या वयातल्या मुलांना व्याकरण असं फारसं शिकावं लागत नाही.’ ‘त्यामुळे’च्या आधीचं, म्हणजे चीनच्या या प्रमाणभाषेबद्दलचं, जवळजवळ खरं आहे. पुढचं खोड. एवढं एक वाक्य राहिलं तर त्याच्यावर रचलेलं सगळं काम तिरकं जाईल, म्हणून आज इतकं लांब पत्र.

तुझी चूक मला कळते, कारण ती मराठी माणसाची चूक आहे. आपण क्रियापदाच्या शेपटीकडे बघत वाढतो : गेला, गेली, गेलं, गेल्या. पोर ‘मी करलं’ म्हणालं की आपण हसतो आणि ‘केलं’ म्हणायला लावतो. चूकही शेपटीत दिसते आणि शिकणंही. मँडरिनच्या क्रियापदाला शेपूटच नाही. ‘लाय’ म्हणजे येणं. मी, तू, ती, काल, उद्या, कोणीही आणि केव्हाही, ‘लाय’ ते ‘लाय’च. मग तिथलं मूल काय शिकतं? तर शब्द कुठे ठेवायचा, कोणता गाळायचा, आणि वाक्याच्या सांध्यांत कुठला बारीकसा तुकडा बसवायचा.

गाळण्यापासूनच सुरुवात कर. दीड-दोन वर्षांचं मूल हात वर करून म्हणतं, ‘मामा बाओ.’ (तिथे मामा म्हणजे आई. घरी सांगितलंस तर हशा होईल.) ‘बाओ’ म्हणजे कडेवर घेणं, उचलून घेणं. कोणाला घे, हे वाक्यात नाही. इंग्रजीच्या चष्म्यातून पाहणारा लगेच लिहील : कर्म गाळलं, वाक्य अपूर्ण. पण त्या मुलाची आईसुद्धा तसंच बोलते. मोठी माणसंही कर्ता आणि कर्म सर्रास गाळतात. ‘नी लाय मा?’, म्हणजे ‘तू येतेस का?’, याचं उत्तर नुसतं ‘लाय’ किंवा ‘बू लाय’, म्हणजे ‘नाही येत’. आपल्याकडे ‘येतेस का?’, ‘येते’ होतं तसंच. फरक एवढाच की आपल्या ‘येते’मध्ये बोलणारी बाई आहे हे कळतं, ‘लाय’मध्ये काहीच कळत नाही. म्हणजे कोण, कोणाला, हे सगळं प्रसंगावरून ओळखायचं. हे सोपं नाही. काय सांगितलं नाही तरी समोरच्याला समजेल, हा अंदाज तीन वर्षांच्या मुलाला बांधावा लागतो, आणि तो चुकला की आजी विचारते, ‘कोण गं?’ तुझ्या ध्वनिफितींत असे ‘कोण?’ शोध. मला विचारशील तर तुझ्या प्रबंधाचं खरं प्रकरण तिथे आहे.

1992 साली वांग, लिलो-मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी आणि अमेरिकन लहान मुलांची याच बाबतीत तुलना केली. कर्ता दोन्हीकडे गळतो, चिनी मुलांत जास्त. पण कर्म गाळणं हे मुख्यतः चिनी मुलांत दिसलं. मुलं सरसकट अर्धवट बोलत नाहीत. आपली भाषा जिथे गाळू देते तिथे गाळतात.

आता थोडं माझ्याबद्दल. पहिल्यांदा मुलांचं बोलणं गोळा केलं तेव्हा मी एका शेजारच्या मुलीला चित्रांची पुस्तकं दाखवत बसले होते. महिनाभराच्या नोंदींनंतर ठाम निष्कर्ष : ही फक्त नामं बोलते. मग एके दिवशी स्वयंपाकघरात तिच्या हातून दुधाची वाटी उपडी झाली आणि ती एका दमात म्हणाली, ‘सांडलं, पूस, दे ना.’ माझा निष्कर्ष तिथेच सांडला. ट्विला टार्डिफ यांनी 1996 मध्ये बीजिंगच्या मुलांच्या नोंदींवरून दाखवलं की त्यांच्या सुरुवातीच्या बोलण्यात क्रियापदं नामांच्या मागे नसतात. तोवर सगळीकडे नामं आधी येतात असा समज चांगलाच रुजलेला होता. पुढे 1999 मध्ये त्यांनीच सहकाऱ्यांबरोबर हेही दाखवलं की चित्रांचं पुस्तक समोर असलं की नामं वाढतात. म्हणून तुझ्या आराखड्यातली ‘पुस्तक-वाचन सत्रं’ निम्म्यावर आण. जेवण, अंघोळ, बूट घालणं, भांडण, हे ध्वनिमुद्रित कर.

मोजणीबद्दल. रॉजर ब्राउन यांनी 1973 मध्ये तीन अमेरिकन मुलांच्या बोलण्यावरून वाक्याची सरासरी लांबी पदघटकांत, म्हणजे अर्थाच्या सगळ्यात लहान तुकड्यांत, मोजायची रीत घालून दिली, आणि चौदा इंग्रजी प्रत्यय-शब्द मुलं कोणत्या क्रमानं शिकतात ते मांडलं. तुझ्या तक्त्यात त्या चौदांची छाया दिसते. ‘अनेकवचन : नाही’, ‘भूतकाळ : नाही’ असे रकाने कशाला? ज्या दुकानात तो माल विकतच नाहीत तिथे त्याची यादी घेऊन जाण्यासारखं आहे हे. लांबी मोज, पण आधी शब्द म्हणजे काय ते ठरव. ‘श्वेइज्याओ’ म्हणजे झोपणं. एक शब्द की दोन? ‘श्वेइ ल ई ज्याओ’, एक झोप काढली, असं म्हणताना तोच शब्द मधून फुटतो आणि त्यात दोन तुकडे घुसतात. एक मानलास तर एक सरासरी येते, दोन मानलेस तर दुसरी. काहीही ठरव, पण पहिल्या पानावर लिहून ठेव आणि मग बदलू नकोस. 1984 पासून उभ्या राहिलेल्या चाइल्ड्स या बालभाषेच्या संग्रहात मँडरिनच्याही नोंदी आहेत, चौ जिंग या संशोधिकेच्या संग्रहांसकट. त्यांनी शब्द कुठे तोडलेत ते बघून घे, म्हणजे तुलना करता येईल.

लिपीचंही सांगते. मी इथे रूढीप्रमाणे ‘बू’, ‘बा’, ‘ग’ लिहिते आहे, पण कान देऊन ऐकलंस तर ते आपल्या ‘पू’, ‘पा’, ‘क’च्या जवळ आहेत. त्यांच्यात फरक प-फचा आहे, प-बचा नाही. तुझा मराठी कान इथे कामाला येईल. नोंदी मात्र चिनी अक्षरांतच ठेव.

आता सांध्यांतले तुकडे. माझा सगळ्यात आवडता ‘ल’. याला भूतकाळाची खूण समजू नकोस, सगळे नवशिके समजतात. मुलं तो सुरुवातीला कुठे लावतात बघ : ‘द्याओ ल’, पडलं, ‘ह्वाय ल’, मोडलं, ‘मेइ यौ ल’, संपलं. काहीतरी झटकन घडून परिस्थिती बदलली, तिथे. चालू असलेल्या, लांबणाऱ्या क्रियांना ती ‘झाय’ लावतात. ली पिंग आणि शिराई या संशोधकांनी याचा पुष्कळ विचार केला आहे, ते वाच. आणि ‘ल’ मनात बसवायचा असेल तर मराठीच मदतीला घे. दारात चपला घालताना आपण ‘निघाले हं मी’ म्हणतो. निघालेली नसतेच. मँडरिनमध्येही निघण्याआधीच ‘वो झोउ ल’ म्हणतात. इंग्रजीतून समजावून घेशील तर दहा ओळी लागतील.

‘बू याओ’ तर आपला सरळ ‘नको’ आहे. ‘बू’ आणि ‘मेइ’ या दोन नकारांची वाटणी मुलं कशी करतात हा मोठा विषय आहे. तुला त्यात शिरायचं नाही, वेळ पुरणार नाही.

संख्या आणि नाम यांच्यामध्ये एक शब्द बसवावाच लागतो. आपल्याकडे ‘तीन जणी’मधला ‘जणी’ त्याच जातीचा, पण आपला माणसांपुरता. त्यांचा सगळ्या जगाला. पुस्तकाला ‘बन’, कागदाला आणि टेबलाला ‘चांग’, मासा, साप, नदी, रस्ता, विजार या सगळ्यांना ‘थ्याओ’. ‘ग’ हा त्यातला सर्वसाधारण शब्द, आणि लहान मुलं सगळीकडे तोच ठोकतात. तू ते ‘चूक’च्या रकान्यात टाकलं आहेस. दोन गोष्टी बघ. एक, जागा रिकामी सोडली जात नाही. तिथे काहीतरी हवं हे त्यांना कळलेलं आहे, कोणता शब्द हवा ते वर्षानुवर्षं कळत राहील. दुसरं, मोठी माणसंही गप्पांत पुष्कळदा ‘ग’वर भागवतात. घरात जे ऐकलं ते बोलणाऱ्या मुलाला तू नापास करणार?

‘बा’ची वाक्यं दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या तोंडीही सापडतात. ‘बा’ कर्माला उचलून क्रियापदाच्या आधी आणतो, पण मग क्रियापद एकटं राहू शकत नाही. त्या वस्तूचं काय झालं ते सांगावं लागतं. पेला आपटला एवढं पुरत नाही, आपटून फोडला म्हणावं लागतं. ‘बेइ’, म्हणजे ‘अमक्याकडून’, त्याची कथा उलटी. रोजच्या बोलण्यात तो क्वचितच येतो. 2013 मध्ये हुआंग आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या मुलांना अशी वाक्यं ऐकवून पाहिलं. पहिलं नाम कानावर पडलं की मुलं त्यालाच करणारा धरतात, आणि पुढे ‘बेइ’ आला तरी मनातलं बदलणं त्यांना जड जातं. म्हणजे शब्दक्रमावरचा त्यांचा विश्वास इतका पक्का. ज्या भाषेत ‘व्याकरण फारसं नाही’, तिथे हा विश्वास कुठून आला, सांग बरं!

जोडवाक्यांबाबत घाई करू नकोस. तिथल्या बालवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं लहान, मधला आणि मोठा अशा वर्गांत असतात. तुझी चाचणी मधल्या वर्गातल्या मुलांकडून ‘कारण… म्हणून’ची जोडी मागते. पण ‘श्या यू ल, बू छ्यू’, म्हणजे ‘पाऊस आला, नाही जायचं’, यात कारण आलं की! उभयान्वयी अव्यय नाही म्हणून विचार जोडलेला नाही असं होत नाही. आणि ‘काल आलेला माणूस’ हे तर तुला फुकट मिळालं आहे : त्यांची विशेषण-वाक्यंही नामाच्या आधीच येतात, फक्त ‘आलेला’च्या जागी ‘लाय द’. कर्त्याची अशी वाक्यं (‘आलेला माणूस’) मुलांना आधी जमतात की कर्माची (‘मी पाहिलेला माणूस’), यावर निष्कर्ष एकमेकांशी भांडतात. त्या भांडणात बाजू घेऊ नकोस.

एक राहिलंच. कोणती मँडरिन? तू शिकलीस ती पाठ्यपुस्तकातली, बीजिंगच्या वळणाची. तैवानमधलं मूल क्रियापदाच्या आधी ‘यौ’ लावून ‘केलंय का’ विचारेल. तिथले मोठेही तसंच विचारतात, तिथेच बोलल्या जाणाऱ्या मिन्नान या दुसऱ्या चिनी बोलीच्या शेजारामुळे. मालवणच्या पोरानं ‘खंय’ म्हटलं तर तू चूक म्हणशील का? प्रत्येक मुलाच्या नोंदीआधी त्याच्या घरातल्या मोठ्यांचं, विशेषतः सांभाळणाऱ्या आजीचं, अर्ध्या तासाचं बोलणं घे. तुझ्या आराखड्यात आजी कुठेच नाहीत.

1951 मध्ये च्याओ युएन रेन यांनी 28 महिन्यांच्या आपल्या नातीच्या बोलण्याचं वर्णन छापलं. एवढा मोठा भाषाशास्त्रज्ञ, पण पोरीची चिनी कुठे अपुरी आहे हे मोजत बसला नाही. तिची ती एक स्वतंत्र बोली मानून तिचे ध्वनी, तिचं व्याकरण, तिचे शब्द मांडले. काही लिहिण्याआधी ते मिळवून वाच. नंतर नको, आधी.

तक्ता नव्यानं करून लगेच पाठवू नकोस. एका मुलाची फक्त पाच मिनिटं घे, जेवतानाची. ती जशी आहेत तशी उतरव, आईच्या आणि आजीच्या वाक्यांसकट. भाषांतर करू नकोस, रकाने आखू नकोस. तेवढंच पाठव. आपण फोनवर बसून ओळ ओळ ऐकू. रविवारी सकाळी मला वेळ असतो.

तुझी,
मॅडम