क्लेम रिजेक्ट झालाय, वकिलासाठी आधीच ४० हजार द्यायचे का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, ताई साताऱ्याच्या, वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, बिल ४ लाख ६० हजार, आणि मेडिक्लेमवाल्यांनी क्लेम नाकारला, कारण काय तर बीपी १० वर्षांपासून होतं आणि पॉलिसी घेतानाच्या फॉर्मवर (प्रपोजल फॉर्म) सांगितलं नाही. पॉलिसी ४ वर्षांची. आता ओळखीतला एक क्लेम काढून देणारा माणूस ४० हजार आधी आणि मिळतील त्यातले १५ टक्के मागतोय, त्यांचा वकील थेट ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहक कोर्टात, केस टाकणार म्हणे. शिवाय ताईंना वाटतंय की अशा कंपनीला पुढचा २८ हजारांचा प्रीमियम भरायचाच कशाला.

माझं मत सांगतो, ४० हजार देऊ नका आणि प्रीमियम मात्र भरा.

केस जिंकलात तरी ४० हजार अधिक १५ टक्क्यांचे ६९ हजार म्हणजे १ लाख ९ हजार त्याच्याकडे जातात, हरलात तर ४० गेलेच. आणि निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) नियमात वकिलाला मनाई आहे, त्यामुळे असा व्यवहार मांडणाऱ्यापासून लांबच राहा.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. फी नाही, ५० लाखांपर्यंतचे क्लेम चालतात, मुदत एक वर्ष. तिथे वकील चालत नाही, वडिलांची तक्रार त्यांच्याच नावाने जाईल. निकाल कंपनीला मानावा लागतो, तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो, फक्त तिथली नकारापासूनची २ वर्षांची मुदत विसरू नका. उलटं केलंत, म्हणजे आधी आयोगात केस टाकली, तर लोकपाल तक्रार घेतच नाही, आणि तो माणूस तुम्हाला नेमका तोच रस्ता दाखवतोय!

आता खरा मुद्दा. ते "१० वर्षांपासून" आलं कुठून? तुम्हीच लिहिलंय की रात्री अ‍ॅडमिट करताना भावाने घाबरून अंदाजाने सांगितलं आणि डिस्चार्ज कार्डवर तेच छापलं गेलं, पहिली गोळी मात्र पॉलिसीनंतर दीड वर्षाने सुरू झाली. मग ती पहिली चिठ्ठी, फॅमिली डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र आणि त्याआधीचा कुठलाही चेकअप रिपोर्ट शोधा. हॉस्पिटलकडे इनडोअर केस पेपर (अ‍ॅडमिट असतानाच्या उपचारांच्या नोंदी) लेखी मागा, ७२ तासांत द्यायचा नियम आहे. लपवलं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची आहे, आणि नाकारण्याच्या पत्रात जे कारण लिहिलंय त्याच्या बाहेरचं नवीन कारण नंतर काढता येत नाही, सुप्रीम कोर्टाने हे सांगितलेलं आहे. म्हणून ते पत्र जपून ठेवा, फोनवरच्या बोलण्याला किंमत नाही.

पण एक गोष्ट मनापासून विचारतो, वडील पॉलिसीच्या आधी खरंच गोळी घेत नव्हते ना? घेत असतील आणि फॉर्मवर "नाही" लिहिलं असेल तर केस खूप कमकुवत होते. पाठदुखी लपवली म्हणून हृदयविकाराचा क्लेम अडवता येत नाही असा २०१५ चा एक निकाल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तो इथे उपयोगाचा नाही, कारण बीपीचा हृदयाशी सरळ संबंध आहे.

प्रीमियमचं म्हणाल तर २०२४ पासून सलग ५ वर्षं झालेल्या हेल्थ पॉलिसीत फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण कंपनीला देता येत नाही. तुमचं एकच वर्ष राहिलंय, आणि स्टेंट बसलेल्या ६६ वर्षांच्या माणसाला नवीन पॉलिसी मिळणं फार अवघड. कंपनीने पॉलिसीच रद्द केली तर तेही त्याच तक्रारीत लिहा.

वकिलावर खर्च करायचाच तर आपल्या गावातला, ग्राहक आयोगात रोज उभा राहणारा कुणीतरी गाठा, ठरावीक फी देऊन एकदा पत्र, प्रपोजल फॉर्म आणि केस पेपर वाचून घ्या. लोकपालाकडे नाही जमलं तर पुढे त्यालाच उभं करता येईल, आयोगात तुमच्या प्रकरणाला कोर्ट फी लागणार नाही कारण भरलेला प्रीमियम ५ लाखांच्या आत आहे. पहिली चिठ्ठी सापडली की लगेच कळवा, तक्रारीचा मसुदा मी बघून देतो.