लोकर सोसत नाही, तरी जुन्या थाटाचा सूट शिवायचाय. कापड कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात धुळ्याला लग्न आहे, १९४० च्या सुमाराचा थ्री-पीस सूट हवाय, उंच कमरेची घोळदार पॅंट आणि रुंद लॅपलचा (छातीवर दुमडलेल्या पट्टीचा) कोट. पण लोकरीचं कापड लागलं की मांड्यांना आणि मानेला खाज सुटते. दुकानदार म्हणतो, लोकरीशिवाय तो थाट येत नाही.

मी अमळनेरला शिवणकाम करतो, वडिलांपासूनचं दुकान आहे. लोकर मलाही सोसत नाही. शाळेत आईने विणलेला स्वेटर मी दोन सदऱ्यांवर चढवायचो. त्यामुळे हे उत्तर जरा पोटतिडकीचं आहे.

बहुतेकांना लोकरीची ॲलर्जी नसते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं कातडीला टोचतात, एवढंच. म्हणून मेरिनो मेंढीची बारीक लोकर काहींना चालते. 'सुपर १००' लिहिलेल्या कापडाचा तंतू पावणेएकोणीस मायक्रॉनच्या आत असतो. दुकानातून वीतभर नमुना आणा, कोपराच्या आतल्या बाजूला बांधून रात्रभर झोपा. सकाळी काही नसेल तर पूर्ण अस्तर लावून कोट त्याचा करता येईल. पॅंटच्या वाटेला मात्र जाऊ नका. आणि चट्टे दोन-दोन दिवस राहत असतील, तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मग टेलरला.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी मेंदी रंगाच्या सुती गॅबर्डिनचा (घट्ट विणीच्या, तिरप्या रेघांच्या कापडाचा) कोट शिवला. लोकरीचा धागा नाही म्हणून बिनधास्त घालून जळगावला एका लग्नाला गेलो. पंगत उठेपर्यंत मान लालभडक. रंगाचा दोष समजून कोट दोनदा धुतला, तरी तेच. शेवटी कॉलर उसवली. कॉलरच्या खालच्या बाजूला मी सवयीने फेल्ट (दाबून केलेलं नमद्यासारखं कापड) लावला होता, आणि कोटाच्या कॉलरचा फेल्ट लोकरीचाच असतो! तो काढून त्याच गॅबर्डिनची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावली आणि खाज थांबली. छातीतल्या केसाळ कॅनव्हासचंही तसंच. त्यात लोकर नि घोड्याचे केस असतात, ताठ केस पातळ कापडातून बाहेर डोकावतात. तेव्हा टेलरला आधीच बजावा: कॅनव्हास सुती, कॉलरखाली फेल्ट नाही. वरचं कापड निवडण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि कोणी विचारत नाही.

वरच्या कापडात धाग्याचं नाव नंतर बघा, वजन आधी. जुन्या फोटोतली पॅंट कमरेपासून बुटापर्यंत सरळ उतरते, ती कापड जड असल्यामुळे. आज शर्टाला चालेल असं दीडशे-पावणेदोनशे जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचं) लिनन 'सूटिंग' म्हणून विकतात. त्याची घोळदार पॅंट केली तर पायजमा दिसतो. पॅंटला किमान २८० ते ३२० जीएसएम मागा. दुकानात आकडा कळला नाही तर मीटरभर कापड काठाने धरून सोडा. ते सरळ खाली पडलं पाहिजे, हवेत रेंगाळता कामा नये.

तुमच्यासाठी मी जड सुती ड्रिल किंवा गॅबर्डिन घेईन. आपल्याकडे त्या काळी सुती ड्रिलचे सूट घालतच होते, त्यामुळे हे लोकरीची नक्कल वाटणार नाही. प्रताप मिलच्या गावातला माणूस सुताची बाजू घेणारच म्हणा. ट्वीडसारखा खरबरीत पोत हवा असेल तर मटका सिल्क, म्हणजे जाड ओबडधोबड धाग्याचं रेशीम बघा, खादी भांडारात विचारा. मी पहिला मटक्याचा कोट शिवला तेव्हा वडिलांनी चष्मा वर करून विचारलं होतं, "हाऊ कोट शे का पोतं?" त्यांचं बरोबर होतं, मी आतून आधार दिला नव्हता. आत धुतलेल्या मलमलीचा थर जोडला की तेच कापड अंगावर नीट बसतं. वेस्टकोट मटक्याचा आणि कोट-पॅंट गॅबर्डिनची, ही जोडी मला आवडते. सुती फ्लॅनेल मात्र पॅंटला नको, गुडघ्याला फुगतं आणि गोळे धरतं.

दोन सापळे सांगतो. 'टेरीवूल' म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकरीचं मिश्रण, त्यात लोकर असतेच. आणि जाळून बघायची युक्ती अर्धीच खरी आहे: सूत कागदासारखं जळतं, पॉलिएस्टरची कडक गोळी होते, पण केस जळल्याचा वास लोकरीलाही येतो आणि रेशमालाही. शिवाय 'रिंकल फ्री' सुती कापड टाळा. त्या फिनिशमधलं रसायन नाजूक कातडीला लागू शकतं.

तुमच्या टेलरला एक अडचण येईल. लोकर वाफेच्या इस्त्रीने आकसते, वळते, म्हणून बाहीचा जादा घेर मुंढ्यात जिरवता येतो. सूत तसं ऐकत नाही. बाहीचा घेर कमी ठेवायला सांगा, नाहीतर खांद्यावर चुण्या येतील. कमरेचा आकारही इस्त्रीने येणार नाही, टक्स आणि जोडानेच काढावा लागतो. पॅंटला पुढून गुडघ्याच्या खालपर्यंत व्हिस्कोसचं अस्तर द्या. पॉलिएस्टरने दुपारी घाम धरेल. मोहरीला दोन इंचांची दुमड ठेवा, तिच्या वजनाने सुती पॅंट खाली ओढली जाते. (इंग्लंडात युद्धकाळी, १९४२ मध्ये, कापड वाचवायला ही दुमडच बंद केली होती. कोणा जाणकार पाहुण्याने हटकलं तर सांगा, आपला सूट त्या बंदीआधीचा आहे.) आणि पट्ट्याऐवजी गॅलस (खांद्यावरून जाणारे पट्टे) लावा, उंच कमर त्यावरच टिकते.

५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर साधारण चार मीटर लागेल, पण मापं देऊन टेलरलाच विचारा. सुती कापड आटतं, म्हणून कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. मटका भिजवू नका, त्याला नुसती वाफ द्या. पहिली ट्रायल मांजरपाटाची मागा, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी. आणि कापड दसऱ्यापर्यंत टेलरच्या हातात पडू द्या. तुळशीचं लग्न लागलं की आम्ही फोनसुद्धा उचलत नाही.