साप राहू द्या, आधी गोधडी घ्या

प्रश्न असा आहे: "आम्ही दोघं सिडनीत नवीन आहोत. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला बुशमध्ये, म्हणजे इथल्या रानात, तंबू ठोकून राहायचं म्हणतोय. पण बायकोनं साप-कोळ्यांबद्दल इतकं वाचलंय की ती नकोच म्हणते. जावं का? तयारी काय करावी?"

जा की! फक्त, ज्याला घाबरताय ते बहुधा दिसणारही नाही, आणि जे खरोखर छळतं त्याची तयारी कुणी करत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे उलटं होतं. घाबरणारा नवरा होता. माझं माहेर चिपळूणजवळचं. फुरसं, घोणस, मण्यार ही नावं लहानपणापासून कानावर. पावसाळ्यात बॅटरीशिवाय अंगणात पाय टाकायचा नाही हा घरचा नियम. नवरा पुण्यात चौथ्या मजल्यावर वाढलेला. त्याला मी एकच हिशेब सांगितला. भारतात साप चावून वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं जातात. अख्ख्या ऑस्ट्रेलियात हा आकडा वर्षाला दोनच्या आसपास आहे. इथले साप कमी विषारी आहेत म्हणून नव्हे, ईस्टर्न ब्राउन हा इथला साप तर महाजहाल आहे. पण इथे अनवाणी शेतात राबणारी माणसं नाहीत आणि प्रतिविष वेळेत मिळतं. फनेल-वेब कोळ्याचं म्हणाल तर १९८१ साली त्याचं प्रतिविष आल्यापासून त्याच्या चाव्यानं एकही माणूस दगावलेला नाही. हे बायकोला वाचून दाखवा.

तरी दहा सेंटिमीटर रुंदीची ताणली जाणारी बँडेजं दोन-तीन घ्याच. साप चावलाच तर जखम धुवायची नाही, कापायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही. चावलेल्या जागेवर पट्टी, मग बोटांपासून वरपर्यंत अख्खा हात किंवा पाय घट्ट गुंडाळायचा, काठी बांधून तो हलणार नाही असं करायचं, माणसाला चालू द्यायचं नाही आणि ०००ला, म्हणजे इथल्या तातडीच्या नंबराला, फोन. विष लसिकेतून हळूहळू वर चढतं, ते या दाबानं रोखलं जातं. (ही युक्ती इथल्या सापांसाठी. गावी फुरसं-घोणस चावल्यावर हे करू नका, तिथे चावलेल्या जागेचं मांसच सडतं आणि दाबानं ते वाढतं.) पायात बूट, रात्री हातात टॉर्च, तंबूची चेन कायम बंद. सापाचा विषय संपला.

आता खरी गोष्ट. आम्ही पहिल्यांदा गेलो ते वॉरमबंगल नॅशनल पार्कला, कूनाबॅराब्रन गावाच्या पुढे. तुम्हालाही तेच सुचवेन. सिडनीहून पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळ नाही. पण ब्लू माउंटन्समध्ये लाँग वीकेंडला अर्धं सिडनी भेटतं, त्यासाठी तंबू कशाला हवा? वॉरमबंगलला कॅम्प ब्लॅकमन म्हणून जागा आहे. गरम पाण्याची न्हाणीघरं, फ्लशचे संडास, साधी गाडी थेट जाते. पहिल्या वेळेला एवढी सोय असू द्या. खड्ड्याच्या संडासाचं शौर्य दुसऱ्या खेपेला.

आमची पहिली चूक, शनिवारी सकाळी निघालो. म्हणजे ठरलं होतं सहाला, निघालो दहाला, कारण नवरा एस्कीत, म्हणजे गारव्याच्या पेटीत, बर्फ आणि भाज्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारख्या मांडत होता. लिथगो, मजी, गल्गाँग, डनीडू करत पोचेपर्यंत सूर्य मावळायला आला. शेवटच्या तासात कांगारू. दिवेलागणीला ते चरायला रस्त्याकडेला येतात आणि गाडी दिसली की पळून जाण्याऐवजी नेमके गाडीपुढे उडी मारतात. एकदा इतक्या जोरात ब्रेक मारला की मागच्या सीटवरचा तांदळाचा डबा पुढे आला. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी निघून मजीला मुक्काम करा आणि शनिवारी उजाडल्यावर पुढे जा. आणि वेग सांभाळा. लाँग वीकेंडला न्यू साउथ वेल्समध्ये डीमेरिट पॉइंट, म्हणजे लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण, दुप्पट लावतात. नवीन लायसन्सवाल्यांना ते फार महागात पडतं.

या रस्त्याची एक गंमत मात्र चुकवू नका. गल्गाँग सोडलं की रस्त्याकडेला प्लूटोची पाटी लागते. पुढे नेपच्यून, मग युरेनस, शनी. पार्कशेजारच्या सायडिंग स्प्रिंग वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीचा घुमट म्हणजे सूर्य धरून अख्खी सूर्यमाला तीन कोटी ऐंशी लाखपट लहान करून रस्त्यांवर मांडली आहे. प्लूटोपासून सूर्य दीडशे किलोमीटरांहून लांब, आणि पृथ्वी घुमटापासून चार किलोमीटरही नाही. दीडएक तास गाडी हाकल्यावर गुरू येतो आणि मग मंगळ, पृथ्वी, शुक्र, बुध अशी झुंबड उडते. शाळेच्या पुस्तकातलं ते समान अंतरावर गोळे काढलेलं चित्र किती खोटं होतं हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं.

दुसरी चूक, तंबू आधी कधी उघडलाच नव्हता. दुकानातून आणला तसा गाडीत टाकला. अंधार पडत होता, वारा सुटला होता आणि आम्ही दोघं एका निळ्या कापडाची चार टोकं धरून एकमेकांवर ओरडत होतो. नवऱ्याचं म्हणणं, लांब दांडा मधला. माझं म्हणणं, कडेचा. सूचनांचा व्हिडिओ पाहावा तर फोनला रेंज नाही. शेजारच्या तंबूतले सत्तरीचे आजोबा हातात बीअरचा कॅन घेऊन पाच मिनिटं शांतपणे पाहत होते, मग कॅन गवतात ठेवला, आले, दांडा उलटा फिरवला आणि गेले. एक शब्द बोलले नाहीत. तंबू उभा. तेव्हा आधी घरामागे किंवा बागेत एकदा उभारून पाहा. संसार टिकेल.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी चूक: थंडी. ऑक्टोबर म्हणजे वसंत, हे कॅलेंडरपुरतं. दिवसा पंचवीस अंश, कपाळाला सनस्क्रीन. रात्री आकाश निरभ्र असल्यानं दिवसाची सगळी ऊब वर निघून जाते आणि पहाटे पारा तीन-चारवर. आमच्या स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात "५ अंश" लिहिलं होतं. नंतर कळलं की बॅगेवर दोन-तीन आकडे असतात. एक आरामाचा, एक टिकाव धरण्याचा, एक नुसता जीव वाचण्याचा, आणि मोठ्या अक्षरात कुठला छापायचा ते कंपनीच्या मर्जीवर. तुम्ही "कम्फर्ट" लिहिलेला आकडा बघा. तो बाईच्या अंगाच्या हिशेबानं काढलेला असतो, टिकावाचा म्हणजे "लिमिट"चा पुरुषाच्या. त्यामुळे एकाच बॅगेत नवरा घोरतो आणि बायको कुडकुडते, यात नाटक काही नसतं.

त्यात आम्ही हवा भरायची गादी नेली होती. तिच्यातली हवा जमिनीइतकीच गार होते आणि थंडी खालून येते. वरून कितीही पांघरा. रात्री एक वाजता मी गाडीतून आईनं दिलेली गोधडी काढली, पिकनिकला खाली अंथरायला म्हणून आणलेली. जुन्या नऊवारीची, आठ पदरी. ती अंगावर न घेता खाली घातली आणि दहा मिनिटांत दात वाजायचे थांबले. फोमची चटई मिळते, ती घ्याच. पण गोधडी असेल तर तीही न्या. कानटोपी न्या. झोपताना कोरडे मोजे घाला, दिवसभराचे घामेजलेले नकोत.

साडेतीनच्या सुमारास जाग आली ती आवाजानं. तंबूच्या अगदी कडेला, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर कुणीतरी काहीतरी उपटत आणि चावत होतं. कर्र, कच् कच्, थांबा, परत कर्र. नवऱ्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तेच प्रेशर बँडेज. मी चेन चार बोटं उघडली. चांदण्यात एक करडी कांगारू-मादी गवत खात होती आणि तिच्या पिशवीतून पिल्लाचं डोकं बाहेर येऊन तेही गवत कुरतडत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चावणं चालू ठेवलं. फोनमध्ये साडेतीन, नवऱ्याच्या हातातल्या घड्याळात अडीच. कारण त्याच रात्री दोनचे तीन होतात. न्यू साउथ वेल्समधला उन्हाळी वेळेचा बदल ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येतो, म्हणजे बहुतेक वर्षी नेमका या लाँग वीकेंडला. एक तास झोप जाते खरी, पण शनिवारी सहाच्या आसपास मावळणारा सूर्य रविवारी सातच्या आसपास मावळतो. व्हाइटगम लुकआउटला सूर्यास्त बघायला म्हणून रविवारच जा. जेमतेम एक किलोमीटरची चाल आहे.

बाहेर आलेच होते म्हणून वर पाहिलं. मृग नक्षत्र होतं, पण उलटं टांगलेलं. ईशान्येकडे. लहानपणी आजोबांनी अंगणात दाखवलेली एकुलती एक ओळखीची खूण, तीही पालथी! वॉरमबंगल हा ऑस्ट्रेलियातला पहिला 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार राखलेला पार्क, २०१६ पासून. तिथल्या अंधाराची कल्पना सिडनीत येत नाही. संध्याकाळी पश्चिमेला वृश्चिक नांगी वर, डोकं खाली करून उतरत असतो. दक्षिणेला ढगाचा पुंजका वाटतो, पण तासभर हलत नाही. तो मॅगेलनचा मेघ, शेजारची दीर्घिका. सदर्न क्रॉस हा इथला प्रसिद्ध तारकासमूह मात्र या दिवसांत संध्याकाळी क्षितिजाला टेकलेला असतो, डोंगराआड जातो, त्यामुळे तो शोधत मान दुखवू नका. पौर्णिमा टाळता आली तर टाळा.

दिवसाचं सांगायचं तर ब्रेडनाइफ बघायचा. ज्वालामुखीच्या भेगेत लाव्हा गोठला, भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि नव्वदएक मीटर उंचीची पातळ भिंत उरली. मला पाहताक्षणी तैलबैला आठवला. त्याच्या बाजूनं ग्रँड हाय टॉप्सपर्यंतची फेरी साडेचौदा किलोमीटरची, पाच-सहा तासांची. आम्ही अर्ध्यातून परतलो, रात्रीची झोप नव्हती म्हणून. मला त्याचं वाईट वाटलं नाही, नवऱ्याला अजून वाटतं.

वाटेत झाडांची खोडं काळी दिसतील. जानेवारी २०१३च्या वणव्यात हा पार्क जवळजवळ सगळा जळला, आसपासची त्रेपन्न घरं गेली. वेधशाळेच्या दुर्बिणी वाचल्या. युकॅलिप्टसच्या सालीखाली कळ्या दडलेल्या असतात, आगीनंतर त्या थेट खोडातून फुटतात. कोळशाच्या खांबाला हिरवी लव आल्यासारखं दिसतं ते. म्हणून शेकोटीबद्दल इथली माणसं विनोद ऐकून घेत नाहीत. १ ऑक्टोबरपासून वणव्याचा हंगाम कायद्यानं सुरू होतो. टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी, लागला तर शेकोटी बंद म्हणजे बंद. पार्कातलं लाकूड एरवीही उचलायचं नाही. निघायच्या आधी 'हॅझर्ड्स निअर मी' अॅप बघा, आणि कुठे जाताय, कधी परतताय ते एखाद्या मित्राला सांगून ठेवा.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. एका शेगडीवर दोन भाज्या आणि कुकर हा हट्ट आमचा होता. दुसऱ्या दिवशी मेतकूट-भात आणि तूप एवढ्यावर भागलं, आणि भाजणी नेली होती तिची थालीपिठं. थालीपिठाच्या वासानं राखाडी पक्ष्यांची टोळी आली, दहा-बारा, सगळे एकदम कलकलाट करत, एकमेकांना खेटून. अपॉसलबर्ड म्हणतात त्यांना, बारा शिष्यांवरून. आपल्याकडचे सातभाईच हुबेहूब, फक्त कुटुंब मोठं. त्यांना काही घालू नका आणि रात्री खाणं तंबूत ठेवू नका, गाडीत बंद करा. पॉसमला (रात्री हिंडणारा, झाडावरचा पिशवीवाला प्राणी) चेन उघडता येत नाही, पण कापड फाडता येतं. आमच्या तंबूच्या कोपऱ्याला अजून चिकटपट्टी आहे, चिवड्यापायी.

जागा मात्र आजच बघा. न्यू साउथ वेल्स नॅशनल पार्क्सच्या साइटवर आधी बुक करावी लागते आणि या वीकेंडला ती पटापट भरते. भरलीच असेल तर नंतरचा साधा शनिवार-रविवार धरा आणि सोमवारी रजा टाका. गर्दी कमी, दंडाचे पॉइंटही साधे.