कावासाकी निन्जा ३०० बाईकचे स्पार्क प्लग पहिल्यांदा बदलताय?

पेट्रोलची टाकी उतरली की निम्मं काम झालं, घाबरू नका. फक्त इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम ॲल्युमिनियम हेडचे (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) आटे प्लगसोबत उखडून येऊ शकतात.

- कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) काढल्यावर प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात, आधी हवा मारा. तिथली वाळू सिलिंडरमध्ये पडली की इंजिन उघडण्याची पाळी.
- १६ मिमीचा, पातळ, आत रबर असलेला प्लग सॉकेट घ्या. जाडा आत अडकतो.
- नवा प्लग बसवताना रॅचेट (कट्-कट् फिरणारा पाना) बाजूला ठेवा. नुसतं एक्स्टेन्शन (सॉकेटला जोडायचा लांब दांडा) चिमटीत धरून फिरवा. एक-दोन फेऱ्यांतच अडला तर आटे तिरके चढलेत. उलटा काढून पुन्हा बसवा. हाताने पूर्ण टेकला की पान्याने अर्धा फेरा. बस्स. ‘अजून थोडं’ म्हणत आवळणारेच आटे घालवतात.

ग्रीस-बिस लावू नका. गॅप (प्लगच्या टोकातली फट), इरिडियम प्लग वगैरे पुढच्या वेळी बघू.